खेचराचा वंश

हिमालयाच्या कड्यांना बिलगून गेलेल्या अरुंद वाटेवरून पाठीवर ओझे घेऊन संथपणे चढणाऱ्या खेचराचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. त्याचे शरीर घोड्यासारखे भरदार, पण कान गाढवासारखे लांब. बळ घोड्याचे, तर काटकपणा गाढवाचा. घोडा जेथे बिचकतो तेथे खेचर पाऊल पारखून टाकते. थोड्या चाऱ्यावर ते भागवते आणि पुष्कळ काळ कामाला येते. सैन्याची रसद असो, यात्रेकरूंचे सामान असो, की डोंगरावरील वस्तीसाठी न्यावयाचे धान्य असो, हजारो वर्षे मनुष्याने ते खेचराच्या पाठीवर विश्वासाने लादले आहे.

खेचराची आई घोडी असते आणि बाप गाढव असतो. घोडा बाप आणि गाढवी आई अशीही संतती होते. परंतु ती क्वचितच पाहावयास मिळते. दोन निरनिराळ्या जातींच्या मातापित्यांपासून झालेल्या अशा प्राण्याला 'संकरज' असे म्हणतात. खेचराच्या अंगी दोन्ही कुळांचे गुण उतरले, पण एक गोष्ट मात्र त्याच्या वाट्याला आली नाही. खेचराला खेचर होत नाही. नवे खेचर हवे असेल तर दर वेळी पुन्हा घोडी आणि गाढव यांच्याकडेच जावे लागते. त्याचा वंश त्याच्यापासून सुरू होतो आणि त्याच्यापाशीच संपतो.

ही गोष्ट प्राचीन लोकांनाही चांगली ठाऊक होती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने बॅबिलोनच्या वेढ्याची एक कथा सांगितली आहे. इराणचा सम्राट दारियस याने त्या नगराला वेढा घातला असता तटावरील एका नागरिकाने त्याच्या सैनिकांना खिजवून सांगितले, की खेचरी विईल तेव्हाच हे नगर तुमच्या हाती पडेल! वेढ्याच्या विसाव्या महिन्यात झोपायरस नावाच्या सरदाराच्या खेचरीला खरोखरच शिंगरू झाले. तो शुभशकुन मानून त्याने एक युक्ती योजिली आणि नगर जिंकून दिले, अशी ती कथा आहे. ती कितपत खरी हे सांगता येत नाही. पण अशक्य गोष्टीला त्या काळी कोणती उपमा देत असत, हे तीवरून स्पष्ट होते. आपल्याकडेही खेचराला संस्कृतात 'अश्वतर' म्हणत, आणि खेचरीने गर्भ धरला तर तो तिच्या मरणालाच कारण होतो, हा दृष्टांत महाभारतात आलेला आहे.

असे असूनही एक समजूत लोकांच्या मनात घर करून राहिली. पृथ्वीवर इतक्या नाना तऱ्हांचे प्राणी आहेत, ते आले कोठून? दोन प्राण्यांचे मिश्रण होऊन तिसरा प्राणी झाला, असे त्याचे सोपे उत्तर पुष्कळांना सुचले. उंटासारखी उंच मान आणि बिबळ्यासारखे ठिपके असलेला जिराफ हा उंट आणि बिबळ्या यांच्या मिश्रणातून झाला असावा, असे जुन्या काळी मानीत. त्याच्या शास्त्रीय नावात 'कॅमेलोपार्डॅलिस', म्हणजे उंट-बिबळ्या, हा शब्द आजही शिल्लक आहे. आफ्रिकेत पाणवठे थोडे असल्यामुळे निरनिराळ्या जातींचे तहानलेले पशू तेथे एकत्र येतात आणि त्यांच्या संकरातून नवनवे प्राणी जन्मास येतात, असे स्पष्टीकरण ॲरिस्टॉटलसारख्या थोर तत्त्ववेत्त्यानेही नमूद करून ठेवले आहे.

आपल्या नीलगायीचे उदाहरण तर फारच गमतीचे आहे. १७६६ साली पीटर पालास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने तिला जे नाव दिले त्यात 'ट्रॅगोकॅमेलस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ बोकड-उंट! पुढे तिच्या कुळाला 'बोसेलाफस', म्हणजे बैल-हरिण, असे नाव मिळाले. एका बिचाऱ्या प्राण्याच्या नावात बैल, हरिण, बोकड आणि उंट अशा चौघांची मोट बांधली गेली. वस्तुतः नीलगाय यांपैकी कोणाचेही मिश्रण नाही. ती स्वतंत्र जातीची असून चौशिंगा हा तिचा सर्वांत जवळचा आप्त आहे. रूप सारखे दिसले म्हणजे रक्ताचे मिश्रण झाले, असे अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, हे या एका नावावरून कळून येईल.

मग जाती म्हणजे तरी काय? प्राणिशास्त्रात या शब्दाला एक विशिष्ट अर्थ आहे. जे प्राणी निसर्गात आपसांत जोड्या जमवितात, ज्यांना संतती होते आणि त्या संततीलाही पुढे संतती होते, ते सर्व एका जातीचे. अर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञाने १९४२ साली ही कल्पना विशेष स्पष्टपणे मांडली. येथे महत्त्व रूपाला नसून पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या प्रवाहाला आहे. गल्लीतला कुत्रा, शिकारी कुत्रा आणि मांडीवर बसणारा इवलासा केसाळ कुत्रा यांची रूपे कितीही भिन्न असोत, ते सारे एकाच जातीचे आहेत. उलट घोडा आणि गाढव एकमेकांसारखे दिसले, तरी त्यांचे प्रवाह वेगळे आहेत.

याच ठिकाणी आणखी एक गोंधळ होतो. खेडोपाडी 'संकरित गाय' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. खेचर हे संकरज आणि ही गायही संकरित. तेव्हा दोघांची गत एकच असावी, असे एखाद्याला वाटेल. पण तसे नाही. खिल्लार, देवणी, डांगी, गीर हे गाईंचे वाण आहेत. त्या निराळ्या जाती नव्हेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या 'फुले त्रिवेणी' या गाईत होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर अशा तीन वाणांचे रक्त एकत्र आले आहे. ती दूध भरपूर देते, तिला वासरे होतात आणि त्या वासरांनाही पुढे वासरे होतात. वाणांचा संकर निराळा आणि जातींचा संकर निराळा, हा भेद नीट ध्यानात ठेवावयास हवा.

तथापि निसर्गातील सीमारेषा शेताच्या बांधासारखी नेहमीच ठळक नसते. वशिंड असलेली आपली गाय आणि वशिंड नसलेली युरोपातील गाय यांचे प्रवाह लक्षावधी वर्षांपूर्वीच अलग होऊ लागले होते. त्यांना काही शास्त्रज्ञ दोन जाती मानतात, तर काही एकाच जातीच्या दोन शाखा समजतात. हा मतभेद शास्त्राचा दोष नव्हे. एक प्रवाह हळूहळू दुभंगत असतो, तेव्हा तो नेमका कोणत्या क्षणी दोन झाला हे सांगणे कठीणच असते.

आता खेचराला संतती का होत नाही, ते पाहू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. शरीराची घडण कशी व्हावी याच्या सूचना त्यांत साठविलेल्या असतात. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात आणि गाढवाच्या पेशीत ६२. संततीला आईकडून निम्मी व बापाकडून निम्मी मिळतात. म्हणून खेचराला घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ अशी एकूण ६३ मिळतात. शरीर वाढण्यास तेवढ्याने काही अडचण येत नाही. अडचण येते ती पुढची पिढी निर्माण होण्याच्या वेळी. तेव्हा आईच्या व बापाच्या गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. पत्त्यांचे दोन निरनिराळे डाव एकत्र मिसळून जोड्या लावावयास बसले तर जो घोटाळा होईल, तोच येथे होतो. ६३ ही संख्या विषम आहे. शिवाय घोड्याच्या आणि गाढवाच्या गुणसूत्रांवरील सूचनांची मांडणीही पुष्कळ वेगळी आहे. जोड्या लागत नाहीत आणि वंश खुंटतो.

केवळ विषम संख्येला मात्र सारा दोष देऊन चालणार नाही. मंगोलियाच्या माळावरील प्रझेवाल्स्की नावाच्या रानघोड्याला ६६ गुणसूत्रे असतात. त्याचा पाळीव घोड्याशी संकर झाला तर शिंगराला ६५, म्हणजे विषमच, गुणसूत्रे मिळतात. पण त्याला पुढे संतती होते. त्या दोघांच्या गुणसूत्रांची मांडणी इतकी मिळतीजुळती आहे, की एका-दोहोंचा फरक सांभाळून घेतला जातो. उलट खेचरीला शिंगरू झाल्याची खात्रीलायक उदाहरणे साऱ्या जगात अगदी मोजकी आहेत. खेचराचा जणू दुसरा अवतार पाहावयाचा तर मनुष्याला प्रयोगशाळेचाच आश्रय घ्यावा लागला. अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठात ४ मे २००३ रोजी 'आयडाहो जेम' नावाचे खेचर जन्मले. ते संकरातून झाले नव्हते. एका खेचराच्या गर्भातील पेशीवरून घडविलेली ती हुबेहूब प्रतिकृती होती.

खेचराचे हे उदाहरण डोळ्यांसमोर असल्यामुळे सर्वच संकरज वंध्य असतात, असा समज पसरला आहे. तोही खरा नाही. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात १९७१ साली वाघ आणि सिंहीण यांच्यापासून रुद्राणी नावाची मादी जन्मली. पुढे तिला सिंहापासून बछडे झाले. उत्तर ध्रुवाकडील कॅनडाच्या प्रदेशात २००६ साली मारल्या गेलेल्या एका अस्वलाची तपासणी केली असता त्याची आई ध्रुवीय अस्वल व बाप तपकिरी अस्वल असल्याचे आढळले. अशा अस्वलांनाही पिल्ले होऊ शकतात.

या विषयात जे. बी. एस. हॉल्डेन या थोर शास्त्रज्ञाचे नाव आदराने घेतले जाते. हे मूळचे इंग्लंडचे. १९५७ साली ते भारतात आले, या देशाचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. दोन जातींच्या संकरात नर किंवा मादी यांपैकी एकच वंध्य निघत असेल तर ते कोण असेल, याविषयीचा नियम त्यांनी १९२२ साली सांगितला. सस्तन प्राण्यांत बहुधा नर वंध्य निघतो, तर पक्ष्यांत मादी. रुद्राणीला बछडे झाले. पण वाघ-सिंहांच्या संकरातील नर वंध्य असतात, ही गोष्ट या नियमाला धरूनच आहे.

मग रुद्राणी आणि तिचे बछडे ही एक नवी जाती झाली काय? नाही. वाघ-सिंहांची ही गाठ मनुष्याने पिंजऱ्यात घालून दिली होती. रानात अशा प्राण्यांचे कळप नाहीत, त्यांचे क्षेत्र नाही आणि आपसांत जोड्या जमवून चालत राहिलेला वंशही नाही. एखादा नवीन रूपाचा प्राणी जन्मला म्हणजे नवी जाती निर्माण झाली, असे होत नाही. थेंब कितीही वेगळ्या रंगाचा असला तरी त्याला नदी म्हणत नाहीत.

नव्या जाती निर्माण होतात त्या बहुधा मिसळण्याने नव्हे, तर दुरावण्याने. हे समजण्यास भाषेचे उदाहरण उपयोगी पडेल. माहाराष्ट्री प्राकृतापासून अपभ्रंशाच्या वाटेने मराठी भाषा घडली. पण आई प्राकृत बोलते आणि लेक मराठी बोलते, असा एकही दिवस कधी उगवला नाही. प्रत्येक पिढीला आपल्या आईबापांची भाषा पुरती समजत होती. एखादा शब्द झिजला, एखादा प्रत्यय बदलला आणि शेकडो वर्षांनी मागे वळून पाहावे तर भाषाच निराळी झालेली! सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरास जी मराठी मंडळी स्थायिक झाली, त्यांच्या घरांतील मराठीने इकडच्या मराठीपासून दूर राहून वेगळे वळण घेतले. कोणी ठरवून ते केले नाही. अंतराने आणि काळाने केले. मात्र भाषा परस्परांचे शब्द सहज उसने घेतात, तसे प्राण्यांच्या जातींना करता येत नाही. दृष्टांताला एवढी मर्यादा आहे.

सजीवांतही असेच घडते. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे नीलगिरी आणि अन्नामलै या दोन उंच पर्वतराजी आहेत. त्यांच्या मधोमध सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंदीची पालघाटाची खिंड आहे. दोन्हींकडच्या माथ्यांवर 'शोला' नावाची थंड, दमट आणि दाट झाडी आहे. खिंडीत मात्र उष्ण सखल प्रदेश आहे. शोलाच्या सावलीत, जमिनीलगत वावरणारा एक लहानसा निळसर पक्षी या दोन्ही बाजूंना आढळतो. त्याला 'शोलाकिळी' म्हणतात. मलयाळम्‌ भाषेत किळी म्हणजे पक्षी. या पक्ष्याला गारव्याची आणि गर्द झाडीची सवय आहे. आपले माथे सोडून तो उन्हातल्या सखल मुलखात उतरत नाही. त्याच्या दृष्टीने ती खिंड म्हणजे एक समुद्र आणि दोन्हींकडचे माथे म्हणजे त्या समुद्रातील बेटे होत.

अशा रीतीने एकाच पूर्वजाची लेकरे दोन बेटांवर अलग पडली. पक्ष्यांच्या प्रत्येक पिढीत लहानसहान फरक होतच असतात. नीलगिरीकडे जे फरक झाले ते नीलगिरीतच राहिले. अन्नामलैकडे झाले ते तेथेच राहिले. मिसळण होऊन ते एकसारखे झाले नाहीत. फार मोठा काळ लोटल्यावर त्या दोन जाती झाल्या. खिंडीच्या उत्तरेस नीलगिरी शोलाकिळी आणि दक्षिणेस पांढऱ्या पोटाचा शोलाकिळी. २०१७ साली भारतीय शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यांचे स्वतंत्र कूळ ठरविले. येथे कोणताही चमत्कार घडला नाही. कोण्या एका सकाळी नवा पक्षी अंड्यातून बाहेर आला नाही. प्रत्येक पिल्लू आपल्या आईबापांच्याच जातीचे होते. तरीही युगे लोटल्यावर जाती दोन झाल्या.

संकरातून नवी जाती मुळीच निर्माण होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तसे क्वचित घडते. पण तेव्हाही दुरावा हाच तेथे निर्णायक ठरतो. पॅसिफिक महासागरात गालापागोस नावाची बेटे आहेत. १८३५ साली चार्ल्स डार्विनने भेट दिल्यामुळे ती जगप्रसिद्ध झाली. त्यांपैकी डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ पासून फिंच पक्ष्यांची नोंद ठेवीत होते. १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एस्पॅन्योला बेटावरून एक मोठा नर फिंच तेथे येऊन पोहोचला. परत जाण्यास वाट नव्हती. त्याने तेथल्याच एका निराळ्या जातीच्या मादीशी घरटे मांडले. त्यांच्या वंशजांची चोच वेगळी आणि गाणेही वेगळे. नर पिल्ले बापाचेच गाणे शिकत. ते गाणे बेटावरील इतर माद्यांना रुचेना, म्हणून पुढील पिढ्यांतील पक्षी आपसांतच जोड्या जमवू लागले. मध्यंतरी अवर्षण पडून त्या घराण्यात केवळ एक भाऊ आणि एक बहीण उरली. पण वंश टिकला. २०१७ साली या साऱ्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. संकर झाला म्हणून नव्हे, तर संकरानंतर ते घराणे इतरांपासून अलग राहिले म्हणून त्याला जातीचे स्वरूप येऊ लागले.

वनस्पतींमध्ये हा मार्ग बराच अधिक चालता आहे आणि त्याचा पुरावा रोजच्या ताटात असतो. खपली गव्हाच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी कास्पियन समुद्राच्या परिसरात खपलीच्या कुळातील एका गव्हाचा शेतात उगवलेल्या रानगवताशी संकर झाला. त्या गवताची गुणसूत्रे १४ होती. निम्मी निम्मी मिळून संकरजाला २१ आली. म्हणजे जोड्या न लागण्याची खेचराचीच अडचण! पण येथे गुणसूत्रांची आपोआप दुप्पट होऊन ती ४२ झाली. प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि बी धरले. आज पोळीसाठी जो गहू दळला जातो तो याच वंशातला. प्राण्यांत अशी दुप्पट क्वचितच टिकते. म्हणून खेचराला जे साधले नाही ते गव्हाला साधले.

हा सारा विचार केवळ कुतूहलापुरता नाही. महाराष्ट्राच्या माळरानांवर भारतीय लांडगा राहतो. लांडग्यांच्या कुळातील अतिशय प्राचीन शाखांपैकी ही एक शाखा आहे. माळराने दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि गावांलगत मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली आहे. कुत्रा आणि लांडगा यांची गुणसूत्रे सारखीच, ७८, असून त्यांच्या संततीलाही संतती होते. पुणे परिसरातील माळरानांवर लांडग्यांच्या कळपात वेगळ्या, फिकट पिवळसर रंगाचे प्राणी दिसले. बंगळूरु आणि पुणे येथील अभ्यासकांनी जनुकांची तपासणी केली, तेव्हा तेथे लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे सिद्ध झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेला हा भारतातील अशा प्रकारचा पहिला जनुकीय पुरावा होय.

संकरातून अधिक बलवान असा नवा प्राणी निर्माण होतो, असे समजणारा मनुष्य हे ऐकून कदाचित आनंदित होईल. पण येथे नवे काही निर्माण होत नाही; जुने मात्र नाहीसे होण्याचा संभव असतो. मोकाट कुत्री असंख्य, लांडगे थोडे. मूठभर मीठ विहिरीत टाकले तर विहीर खारट होत नाही, मिठाचाच मागमूस राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असा संकर होत राहिला तर लांडग्याचे नाव राहील, पण माळावर जगण्यासाठी त्याच्या वंशाने मिळविलेले विशेष गुण विरून जातील. म्हणून गावातील कुत्र्यांचे लसीकरण आणि निर्बीजीकरण करणे, त्यांना माळावर मोकाट फिरू न देणे आणि माळराने ही पडीक जमीन नसून कोणाची तरी घरे आहेत, हे ओळखून ती राखणे आवश्यक आहे.

खेचर मनुष्याच्या इच्छेने एका वर्षात जन्मास येते. शोलाकिळीच्या दोन जाती होण्यास मनुष्याच्या साऱ्या इतिहासाहून कितीतरी मोठा काळ लागला. एका वर्षाची वस्तू गेली तर पुन्हा आणता येते; घोडी आणि गाढव असेपर्यंत खेचरांना तोटा नाही. युगांची वस्तू एकदा गेली की ती पुन्हा घडविणारा कारागीर मनुष्यजातीत अद्याप जन्मलेला नाही.

शब्दार्थ

संकरज – दोन निरनिराळ्या जातींच्या मातापित्यांची संतती
वाण – एकाच जातीतील विशेष गुणांचा प्रकार
वंध्य – ज्याला संतती होत नाही असा
वशिंड – बैलाच्या किंवा गाईच्या खांद्यावरील उंचवटा
शिंगरू – घोडीचे, गाढवीचे किंवा खेचरीचे पिल्लू
निवर्तणे – मरण पावणे
अवर्षण – पाऊस न पडणे
मागमूस – खूण, पत्ता

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खेचराचे आईबाप कोण असतात?
(आ) नीलगायीच्या शास्त्रीय नावात कोणत्या चार प्राण्यांची नावे आली आहेत?
(इ) पालघाटाच्या खिंडीला शोलाकिळीच्या दृष्टीने समुद्र का म्हटले आहे?
(ई) हॉल्डेन यांचा नियम कोणता?

२. कारणे द्या.
(अ) खेचराला ६३ गुणसूत्रे असतात.
(आ) 'फुले त्रिवेणी' गाय संकरित असूनही वंध्य नाही.
(इ) रुद्राणी आणि तिचे बछडे यांना नवी जाती म्हणता येत नाही.
(ई) डॅफ्ने मेजर बेटावरील नव्या घराण्याचे पक्षी आपसांतच जोड्या जमवू लागले.

३. सात-आठ ओळींत उत्तरे लिहा.
(अ) नव्या जाती कशा निर्माण होतात हे समजावून देण्यासाठी लेखात भाषेचा दृष्टांत कसा योजला आहे? त्या दृष्टांताची मर्यादा कोणती?
(आ) खेचराला जे साधले नाही ते गव्हाला कसे साधले?
(इ) लांडगा आणि मोकाट कुत्रे यांच्या संकराने कोणता धोका संभवतो? तो टाळण्यासाठी गावकऱ्यांनी काय करावे?

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
मनात घर करणे, मोट बांधणे, पाऊल पारखून टाकणे, मागमूस न राहणे.

५. पुढील विधान लेखाच्या आधारे स्पष्ट करा.
'थेंब कितीही वेगळ्या रंगाचा असला तरी त्याला नदी म्हणत नाहीत.'

६. उपक्रम
आपल्या गावातील गाई, बैल, शेळ्या व कोंबड्या यांच्या वाणांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून यादी करा आणि प्रत्येक वाणाचा एक विशेष गुण लिहा.